तिसऱ्या फाइलमधला प्लेट नंबर

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. रसमड्याच्या कारखान्यात पोलादी प्लेटांवर नंबर टाकणारा तुमचा सी भाषेतला प्रोग्राम अजून मीच सांभाळते. मागच्या महिन्यात एका दुपारी क्रेनवाल्याचा फोन आला की, मॅडम, प्लेट का नंबर माइनस में छप रहा है. नंबर दर एप्रिलला एकपासून सुरू होतात. यंदा कटिंगची दुसरी मशीन आली, म्हणून आकडा पहिल्यांदाच बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे गेला. नंबर छापणाऱ्या फाइलमध्ये तो 'शॉर्ट' होता, आणि शॉर्टमध्ये त्याहून मोठा आकडा मावत नाही. बाकी दोन फाइलींत तोच नंबर 'इंट' होता, त्यात मोठा आकडाही मावतो. प्लेटांवर एक नंबर, टेस्ट रिपोर्टवर दुसरा. भरलेला ट्रक दोन दिवस गेटवर उभा राहिला.

मालक म्हणाले, पुराने सर का कोड है, उस टाइम ऐसे ही लिखते होंगे. मी मान डोलावली.

तो शॉर्ट मी लिहिला होता, सर. मी नवीनच लागलेले. छपाईच्या मशीनमधल्या कार्डावर मेमरी कमी, म्हणून मी तिन्ही फाइलींत शॉर्ट केलं आणि मनातून खूश होते. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचलंत. अख्ख्या ऑफिसात आपण दोघंच मराठी बोलायचो, तेही रागावतानाच जास्त. तुम्ही म्हणालात, "हे काय करून राहिली तू? दोन बाइट वाचवून मले काय दाखवतं? प्लेट तीच, नंबर तोच, मग त्याचं माप जागोजागी कावून ठरवायचं? एका जागी ठरव अन् सगळीकडे तेच वापर." मग डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवून तुम्ही शेडमध्ये निघून गेलात. दोन फाइलींत मी इंट केलं आणि संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, झालं सर.

आता खरंच केलंय. प्लेट नंबरचा एकच टाइप, तिन्ही फाइली वाचतात त्या एका हेडरमध्ये, बत्तीस बिटांचा, उणे न होणारा. एका ठिकाणी 'नंबर सापडला नाही' म्हणून उणे एक परत येत होता. तिथे शून्य केलं, कारण शून्य नंबरची प्लेट नसतेच. तीन दिवस लागले. तुम्ही सांगितलं त्या दिवशी तासाभराचं काम होतं.

काल मालकांना सांगितलं की ती चूक सरांची नव्हती, माझी होती. ते म्हणाले, अब क्या फर्क पड़ता है मॅडम, आणि चहा मागवला.

तुमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं, त्यामुळे हे पत्र माझ्या बोरसीच्या घरातच राहील. मालकांना मी म्हटलं की तिसरी फाइल राहून गेली. राहून गेली नव्हती, सर. बस सुटायला दहा मिनिटं होती, आणि मी झालं म्हटल्यावर तुम्ही उघडून बघणार नाही, हे मला माहीत होतं.