उलट्या बाकड्याची बातमी

रविवार, अठरा तारीख
सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तिकडेही असतील असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या वहिनीने विचारलंय; मी विचारलंय असं समजलीस तरी चालेल. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यास, पण या पत्रावर तांबडं पेन चालवू नकोस. माझी शाळा म्हणजे गॅरेज, तीही बिनमास्तरांची.

मोठी बातमी आधी. आपली हत्तीण उठली. बाबांची ती लांबलचक स्टेशन वॅगन अकरा वर्षं ताडपत्रीखाली बसून होती. सात महिने मी तिच्या पोटाखाली आडवा. वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून माझ्याजवळ एवढा वेळ कधी थांबला नाहीत. कार्बोरेटर खोलला, ब्रेक नवे केले, बाजूच्या लाकडी पट्ट्या घासून पॉलिश केल्या. मंगळवारी किल्ली फिरवली तर दोनदा खोकली, एक काळा ढग सोडला आणि सुरू झाली. शेजारणीचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. मीच धुतले.

येत्या शनिवारी तळ्याकाठी मुक्काम. लेक, जावई, नात आणि आम्ही दोघं. तंबू, स्टोव्ह, कंदील, नातीला सगळी यादी तोंडपाठ. तिने विचारलं, उलट्या बाकड्यावर कोण बसणार?

ती तुझी जागा, हे तिला कुठून माहीत. गाडीच्या शेपटाशी, मागे तोंड करून बसायचं आणि टपावरचं काही पडलं तर ओरडायचं. दर मैलाला बाबा विचारायचे, "मागची बातमी काय?" आणि तू, नऊ वर्षांची, ताठ बसून सांगायचीस, "एक कुत्रा, दोन सायकली, आणि आईची टोपी उडाली."

बाकडं फाटलं होतं, म्हणून नवं रेक्झिन चढवायला घेतलं. हिरवंच, पूर्वीसारखं. फोम दोन बोटं जास्त जाड घातलाय, कडेला दुहेरी शिवण मारलीय. एवढं लिहीपर्यंत वहिनी मागून वाचून गेली. म्हणाली, "पत्र लिहिताय की गाडी विकताय?"

बरं. तर बाकडं उचललं आणि खालून दोरी निघाली. पिवळी, नीट वेटोळं करून मधे गाठ मारलेली. जावई म्हणाला, ही इथे कशी? मी म्हटलं, उंदरांनी नेली असेल. तो भला माणूस, हो म्हणाला. पण उंदीर गाठ मारत नाहीत, एवढं त्यालाही कळतं.

ती मी खोचली होती, त्या तंबूच्या सहलीत. टपावर तंबू बांधायचं काम माझं. वय पंधरा, मिशी फुटायच्या बेतात, अंगात आळस. दोन दोऱ्या लागायच्या, मी एकीवर भागवलं. घाटातल्या वळणावर तू काच बडवलीस, तंबू पडला म्हणून ओरडलीस. पुढे सगळे गात होते, बाबांपर्यंत आवाज गेलाच नाही. मी मधल्या सीटवर होतो. मला ऐकू आलं, चिमणे. मी वळलो. तंबू रस्त्यावर पडलेला दिसला आणि तू माझ्याकडे बघत होतीस. गाडी थांबली असती तर बाबांनी दोऱ्या मोजल्या असत्या. मी पुढे तोंड केलं आणि सगळ्यांहून मोठ्याने गायलो.

तळ्यावर पोचल्यावर दुसरी दोरी बाकड्याखाली कोंबली आणि बाबांना म्हटलं, "चिमणी झोपली होती." तू एकदाच म्हणालीस, "मी ओरडले होते." सगळे हसले.

सहल मात्र झकास झाली. गाडीतच सगळे उलटसुलट झोपलो, बाबांचे पाय मागच्या दारातून बाहेर, आणि सकाळी एक बदक त्यांचा अंगठा टोचत होतं. म्हणूनच तो किस्सा घरात एवढा टिकला. चार माणसं जमली की मी सुरू, हिला मागे बसवू नका, तंबू जाईल. तू हसायचीस. पण त्यानंतर हत्तिणीत कधी चढली नाहीस. गाडी लागते म्हणायचीस. घाटात उलटं बसून तीन केळी खाणारीला गाडी लागते, यावर घरात सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवल्यासारखं केलं.

परवा जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. वहिनीचा वाढता हात थांबला. नात म्हणाली, "म्हणजे आत्याआजी झोपाळू नाही, आजोबा खोटारडे." आता घरात हेच नाव चालू आहे. चहासुद्धा 'खोटारडे आजोबा' अशी हाक मारूनच मिळतो. हक्काचं आहे, ओ देतो.

चुकलो, चिमणे. हे समोर येऊन बोलायला हवं होतं, पण तुझे ते डोळे दिसले की मी पुन्हा गायला लागेन, याची भीती वाटली.

शनिवारी सकाळी सात वाजता तुझ्या दारात येतो. गाडी लेक चालवेल. आलीस तर पुढे तिच्याशेजारी बस. दोऱ्या दोन्ही घेतल्यात, ती पिवळीसुद्धा. गाठी तू ओढून बघ. उलट्या बाकड्यावर मी बसणार आहे. काही पडलं तर काच बडवीन. ऐकायचं की गात राहायचं, ते तू ठरव.

तुझा,
मागची बातमी पन्नास वर्षं दडवून ठेवलेला,
दादा