अर्जदार खड्ड्यात आहे

आदरणीय सत्यवतीताईले धाकट्या देवरावचा जय भीम.

तुझी कंबर, भाऊजींचा दमा आणि गच्चीवरची तुझी मिरचीची झाडं, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडं आम्ही मजेत आहो (म्हणजे पुष्पलता मजेत आहे, माझं पुढं वाच). फोन सोडून हे पत्र काहून, असं तुले वाटेल. तं मी फोन लावला की तुझी भावजय टीव्हीचा आवाज बारीक करून बसते. कागदाले कान नसतात, म्हणून कागद.

गेल्या महिन्यात धंतोलीत दवाखान्यात गेलो होतो. तिथं एका गल्लीत एवढे दवाखाने, की धडधाकट माणूस भी दुसऱ्या वळणापर्यंत लंगडाले लागते. डॉक्टरनं माझे रिपोर्ट पाहिले, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि सांगतलं, ‘काका, रोज चाळीस मिनिटं चालायचं. महिन्याभरात साखर उतरली नाही तर इन्सुलिन.’ ताई, मी भेलो. तुझ्यापाशी खोटं कायले बोलू? आपल्या बाबाले शेवटची चार वर्षं रोज सुई घेताना तू पाहिलं, मी पाहिलं. बुटीबोरीच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, युनियनले भेलो नाही, मालकाले भेलो नाही. पण त्या बोटभर सुईचं नाव काढलं की मी उठून अंगणात जातो.

म्हणून दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट घालून निघालो. आमच्या लेआउटले फुटपाथ आहे बरं का, नकाशात तं भल्ला रुंद आहे. पण एकानं त्यावर गुलाब लावले, एकानं जनरेटर बसवला, एकानं कुत्र्यासाठी पक्कं घर बांधलं (कुत्रा आत सोफ्यावर झोपते), आणि आमचे शेजारी मधुकरराव, त्यांची मोटार चार वर्षांपासून फुटपाथवर पांघरूण घेऊन पडली आहे. राहिला रस्ता. तिथं तिसऱ्याच दिवशी एक मोटारसायकलवाला माझ्या कोपराले घासून गेला आणि वरून मलेच विचारते, ‘काका, घरी सांगून निघाले का?’

तिथं माझ्यातला नागरिक जागा झाला. जगण्याचा हक्क संविधानानं दिला. चालशील तरच जगशील, हे डॉक्टरनं सांगतलं. म्हणजे चालण्याचा हक्क आपोआप आला की नाही? हे सगळं मी पुष्पलताले नीट बसून समजावलं. ती म्हणे, ‘मग चाला ना! बसून काहून सांगून राहिले?’ (मी लक्ष दिलं नाही. माणूस हक्काच्या भरात असला की त्याले बायकोचं ऐकू येत नाही.)

मग मी तक्रारी कराले लागलो. एक नाही, अकरा. मोबाईलवर तक्रार टाकली की तिसऱ्या दिवशी उत्तर येते, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ समाधान कोणाचं झालं ते लिहिलेलं नसते. मग प्रत्यक्ष महापालिकेच्या ऑफिसात गेलो. बाबू म्हणे फोटो जोडा. जोडला. म्हणे फोटोवर तारीख नाही. तारीख टाकली. म्हणे साहेब मीटिंगमध्ये आहेत. त्या साहेबाची मीटिंग आठ दिवस चालली, एवढ्या वेळात देशाची घटना लिहून झाली असती! या धावपळीत सकाळचं चालणं चाळीस मिनिटांवरून दहावर आलं, पण लढ्यात तब्येतीकडं कोण पाहते?

आता माझी अक्कल ऐक. तक्रार सगळ्या लेआउटविरुद्ध, पण नाव एकाचंही लिहिलं नाही. उद्या त्याच लोकांकडं लग्नाले जेवाले जायचं आहे, मयतीले त्यांचाच खांदा लागणार आहे. वाकडं काहून घ्या? म्हणून ‘काही रहिवासी’ असं मोघम लिहिलं. अर्जदाराचं मात्र सगळं लिहिलं: नाव, प्लॉट नंबर, जवळची खूण, आणि नकाशात माझ्या घरावर लाल बाण.

आणखी एक गोष्ट. गेल्या साली आमच्या घरासमोर सिमेंटचा रस्ता झाला. जुना न खोदता त्यावरच नवा ओतला, त्यामुळं रस्ता वर गेला अन् घरं खाली राहिली. माझं अंगण रस्त्यापासून तीन फूट खाली आहे. म्हणून मी फाटकाबाहेर चार पायऱ्या बांधून घेतल्या होत्या. (त्या फुटपाथवर होत्या, मान्य. पण लोकांचं असते ते अतिक्रमण. आपली असते ती अडचण.)

तं गेल्या महिन्याच्या शेवटल्या मंगळवारी महापालिकेचं अतिक्रमण पाडणारं पथक आलं. जेसीबी, दोन पोलीस, एक साहेब. मी इस्त्रीचा सदरा घालून, चहा ठेवाले सांगून, मोबाईल हातात घेऊन उभा. साहेब म्हणे, ‘देवराव कोण?’ मी छाती काढून म्हटलं, ‘मीच!’ त्यानं जेसीबीवाल्याले हात केला आणि माझी पहिली पायरी गेली. मी बोंबललो, ‘साहेब, तिकडून सुरुवात करा ना!’ त्यानं फाईल उघडून दाखवली. ‘काका, आमच्याजवळ पत्ता एकच आहे.’ लाल बाण पाहून तं मलेच लाज वाटली. चार पायऱ्या चार मिनिटांत गेल्या. मग पोलिसांची वेळ संपली, म्हणून पथक गेलं. चहा पिऊन गेलं.

गुलाब आहेत, जनरेटर आहे, कुत्र्याचं घर आहे. संध्याकाळी मधुकरराव स्वतः येऊन रस्त्याच्या कडेले उभे राहिले आणि खाली पाहत म्हणे, ‘देवराव, कोणी तरी तक्रार केली वाटते. लोक कसे असतात ना!’ मी खालून म्हटलं, ‘हाव ना.’

तेव्हापासून, ताई, अठरा दिवस झाले, मी माझ्याच अंगणात कैदेत आहो. उजव्या गुडघ्यानं तीन फूट चढणं होत नाही. पुष्पलता प्लॅस्टिकचं स्टूल लावून चढते आणि वर गेली की स्टूल ओढून घेते (म्हणे चोरीले जाते). काल मैत्रिणीसोबत जरीपटक्याच्या बाजारात फिरून आली. मी खालून टाटा केला.

सगळ्यांले जय भीम. लेकरांले आशीर्वाद.

तुझा भाऊ,
देवराव

ता. क. – रक्त घेणारा माणूस घरीच उतरून आला होता. रिपोर्ट आला. साखर साठनं उतरली! इन्सुलिन टळलं. डॉक्टर फोनवर म्हणे, ‘शाब्बास काका, असंच चालत राहा.’ मी हो म्हटलं.

ता. क. २ – तुझ्यापासून लपवत नाही. मी चालत होतो ते चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत. रोज दोन प्लेट, वरून जिलबी. चालण्याच्या हक्काचे सगळे अर्ज तिथंच बसून लिहिले. हे पुष्पलताले कळलं आहे आणि तिनं पायऱ्या बांधाले आलेला गवंडी दारातून परत पाठवला. तुझं ती ऐकते. एक फोन करून तिले सांग, पायऱ्या बांधू दे वं. पत्राचं कारण तेवढंच आहे. वरचं नाही वाचलं तरी चालते.

ता. क. ३ – ताई, मी पुष्पलता. जय भीम. पत्र पोस्टात टाकाले मलेच दिलं; दुसरं कोण वर जाते? वाचलं. पायऱ्या सध्या होत नाही, तुम्ही फोन करू नका. रिपोर्ट आला तेव्हा हे लहान लेकरासारखे रडले, ते काही त्यांनी तुम्हाले लिहिलं नाही. मी भी रडली. ताई, मले हा माणूस अजून वीस वर्षं पाहिजे. खड्ड्यात असला तरी चालते.