घर बंद ठेवून येता येत नाय

रोहा, जानेवारी १९९६

तीर्थरूप आईस, कुंदाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी हाय. पोटातलं बाळ सारखं लाथा मारतं. बाबांचा खोकला कमी झाला का?

आमची वस्ती सुधारतेय. गल्लीत लादी बसली, नळ आला. आता मोजणी करून, जो घरात राहतो त्याच्या नावानं घराघराला नंबर देणार हायत. हे कळल्यापासून घरं विकत मागायला रोज माणसं येतात. शेजारच्या ठमाबाई लेकीकडं राहून आल्या, तर त्यांच्या दाराला दुसऱ्याचंच कुलूप. अजून भांडतायत.

म्हणून पहिलं बाळंतपण असून मला माहेरी येता येत नाय. हे दिवसभर धाटावला कंपनीत. "तू जा, घराचं बघू," म्हणाले. मीच नको म्हटलं.

तूच ये. मागं आलीस तेव्हा इथं संडास नव्हता, म्हणून दिवसभर पाणी प्यायली नाहीस आणि संध्याकाळीच पेणला परतलीस. मला कळलं होतं, पण बोलले नाय. आता आमच्या गल्लीला संडास झालाय. दाराला आतून कडी हाय, मी लावून बघितली.

मला भीती वाटते गो आई. राहायला ये.

तुझी वाट बघणारी,
कुंदा