उलट्या कलाची माफी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे सध्या अर्धाच घातला आहे, उरलेला समक्ष भेटीत वसूल करून घे.) तुझा खोकला आता बसला असेल असं धरून चालते, कारण मागच्या पत्रात तू मला तीन पानं रागावली आहेस आणि खोकणाऱ्या माणसाला एवढा दम पुरत नाही. इकडे दादा, वहिनी आणि मी मजेत आहोत. दादा थोडा कमी मजेत आहे, पण तो जन्मापासून तसाच आहे हे तुला मी काय सांगावं, तूच त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतंस.

तर, तू लिहितेस की मी विभागप्रमुखांची माफी मागावी, नोकरीत राहून वरच्याशी वैर धरू नये, आणि “दगडाच्या भुकटीपायी कोणी एवढा हट्ट करतं का.” हे सगळं तुला दादाने कळवलं हे उघड आहे. दादा बातमी सांगतो ती नेहमी शेवटाकडून, म्हणजे आधी आग आणि मग काडी. म्हणून मी सुरुवातीपासून लिहिते. वाचून झाल्यावरही तुला माफीच मागावी असं वाटलं तर तसं कळव. मी मागणार नाहीच, पण तुझं मत जपून ठेवीन.

आधी भुकटीचं सांगते, कारण आपल्या घराण्यात माझ्या कामाविषयी जी माहिती आहे ती ‘आकाशाचं काहीतरी’ एवढीच आहे. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहानमोठे दगड. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही त्यांतले बहुतेक नुसता ठिपकाच दिसतात. मग त्यांच्या अंगावर माती आहे की खडक, काळं आहे की पांढरं, हे ओळखायचं कसं? तर त्यांच्यावरून उसळून येणाऱ्या उजेडावरून. उजेड ही लाट आहे आणि साध्या उजेडात ती वाटेल त्या दिशेने डोलते, बाजारातल्या गर्दीसारखी. पण धुळीवर आपटून आली की तिला थोडी शिस्त लागते, ती एका बाजूला जास्त डोलते. यालाच ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. एक खास काच डोळ्यापुढे धरून फिरवली की उजेड कमीजास्त होतो, आणि त्यावरून शिस्त किती आणि कुठल्या बाजूची हे मोजता येतं. मी जमिनीवर बसून तेच करते. बशीत भुकटी ठेवायची, तिच्यावर दिवा सोडायचा, आणि एका फिरत्या दांड्यावर बसवलेल्या यंत्राने वेगवेगळ्या कोनांतून ती पाहायची. मग बशीतली भुकटी आणि आकाशातला ठिपका यांची पत्रिका जुळते का ते बघायचं. (माझी कुणाशी जुळली नाही हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकते.)

आता यातली गंमत. दिवा जवळजवळ आपल्या पाठीमागे असला, म्हणजे कोन अगदी लहान असला, की हा कल उलटा होतो. भल्या माणसासारखा एका बाजूला झुकणारा उजेड आडवं बोलायला लागतो. कोन वाढवत गेलं की वीस अंशांच्या आसपास तो पुन्हा सरळ होतो. बहुतेक लघुग्रहांचं असंच आहे. पण काही मोजके असे आहेत की ते अठ्ठावीसपर्यंत उलटेच राहतात. का, यावर बरेच तर्क आहेत आणि भांडणं त्याहून जास्त. मला या मोजक्यांविषयी पहिल्यापासून जिव्हाळा आहे. कारण तू समजू शकशील.

माझी खोली जिन्याखाली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. खिडकी नाही, भिंती काळ्या, उंची अशी की दाराजवळ सरळ उभं राहता येतं आणि आत शिरावं तसं नम्र व्हावं लागतं. (मी नम्र होते ती तेवढीच जागा, असं विभागप्रमुख म्हणतात.) भुकटी करायचं यंत्र दोन वर्षं मागितलं, मिळालं नाही. तेव्हा मी वहिनीच्या मिक्सरचं भांडं नेलं. नेलं म्हणजे न विचारता नेलं. त्यात ज्वालामुखीचा दगड दळला, आणि त्या भांड्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरचा वर्ग सुटला.  वहिनीने दुसरं भांडं आणलं आणि स्वयंपाकघरात भिंतीवर कागद चिकटवला, ‘हे माणसांसाठी.’ काळ्या भुकटीसाठी मी काजळी धरते. रॉकेलची चिमणी पेटवून तिच्यावर पत्रा धरायचा आणि साचेल ती खरवडायची. चिमूटभर काजळीला अर्धा दिवस जातो आणि ती नाकात, कानात आणि नशिबात शिरते. एकदा तशीच बैठकीला गेले तर विभागप्रमुख म्हणाले की आपण तोंड धुऊन आलात तर निदान कोण बोलतंय ते कळेल. विभागप्रमुखांचा सदरा मात्र नेहमी इतका कडक असतो की ते वळले तरी सदरा थोडा उशिरा वळतो.

गेल्या महिन्यात बाहेरून तपासणी समिती येणार म्हणून सगळ्या इमारतीचं रंगकाम काढलं. रंगारी जिन्याची खालची बाजू, म्हणजे माझं छत, खरवडायला आला. मी त्याला दुपारी ये म्हटलं होतं, तो सकाळी आला. मी परतले तो माझ्या चार दिवसांच्या काजळीच्या बशीत जुन्या चुन्याची पांढरी भुकटी पडलेली. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ‘आंधळा’ हा त्यातला सौम्य शब्द होता. तो शिडीवरून उतरला, मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला की ताई, झाकण ठेवायचं की.

बशी फेकून द्यायला हवी होती. पण चार दिवस, आत्या. निव्वळ रागाने मी ती तशीच यंत्राखाली सरकवली. नुसत्या काजळीचा उलटा कल मला ठाऊक होता, नुसत्या चुन्याचाही मी पूर्वी मोजला होता. या खिचडीचा कल दोघांपेक्षा जास्त उलटा निघाला, आणि सरळ व्हायला त्याने सत्तावीस अंश घेतले. मी दिवा बदलून पाहिला. काच काढून पुसून पुन्हा बसवली. बशी फिरवली. पुन्हा सत्तावीस. मी तिथेच वाकून (सरळ व्हायला जागा नाही) आकडा वहीत दोनदा लिहिला. मग बाहेर जाऊन रंगाऱ्याला शोधलं. तो मला बघून दुसऱ्या मजल्यावर निघाला होता. मी त्याला म्हटलं, अजून चुना हवाय. त्याने विचारलं, “किती बारीक?”

हा प्रश्न दहा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. त्याच्याकडे तीन चाळण्या होत्या. जुन्या भिंतीचा वरचा थर जाड निघतो आणि आतला पिठासारखा, हे त्याला हाताला कळत होतं. त्याने तीन पुड्या बांधून दिल्या, वर खडूने एक, दोन, तीन लिहून. पुढचे आठ दिवस मी काळ्यात पांढरं मिसळत होते. कधी कमी, कधी जास्त, कधी जाड, कधी बारीक. बारीक चुना थोडाच घातला की कल हट्टाने उलटा राहायचा. त्या मोजक्या लघुग्रहांच्या अंगावरही काळ्या धुळीत असेच पांढरे कण असावेत असं म्हणणारे लोक आहेतच. माझ्या बशीने त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती.

मी टिपण लिहून विभागप्रमुखांकडे नेलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले की तुम्ही काच नव्वद अंशांनी चुकीची बसवली आहे, शिवाय बशीत कचरा पडला हा संशोधनाचा नव्हे, झाडलोटीचा प्रश्न आहे. टिपण समितीपुढे ठेवायचं नाही. मी म्हटलं, काच तपासली आहे, येऊन बघा. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी भर बैठकीत त्यांनी जिन्याखालच्या चुन्याची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. तेव्हा मी उठून जे बोलले त्याचीच माफी मागायला तू सांगते आहेस. ते एकच वाक्य होतं. “चूक असेल तर मला दाखवा, आणि दाखवता येत नसेल तर ती चूक तुमची आहे.” यात मागे घेण्यासारखं काय आहे ते मी आठवडाभर शोधतेय. दादाने मला समजावलं. वहिनी आतून म्हणाली, “माफी मागणार असशील तर आधी माझं भांडं परत आण.” त्यानंतर दादाने तुला पत्र लिहिलं.

समिती आली त्या दिवशी यादीत माझी खोली नव्हती. सगळे सभागृहात गेले. मी दार उघडं टाकून यंत्राशी बसले. समितीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. लिफ्ट बंद होती, त्या जिन्यापाशी दम खायला थांबल्या आणि त्यांनी विचारलं की इथे आत काय चालतं. विभागप्रमुख म्हणाले, स्टोअर आहे. मी आतून म्हटलं, “स्टोअर नाही. इथे लघुग्रहांची धूळ मोजतात.” 

बाई वाकून आत आल्या. स्टुलावर बसल्या आणि कामालाच लागल्या. आधी बशीच्या जागी साधी काच तिरपी ठेवून यंत्र तपासायला लावलं, कारण काचेवरून येणारा उजेड कुठे झुकतो ते पक्कं ठरलेलं असतं. ते बरोबर निघालं. मग माझी तयार बशी बाजूला सारून त्यांनी स्वतः काजळीत चुना मिसळला, स्वतः कोन बदलले, स्वतः आकडे लिहिले. दोन तास गेले. बाहेर विभागप्रमुख बाईंची पर्स धरून उभे होते आणि अधूनमधून चहा गार होत असल्याचं कळवत होते. शेवटचा आकडा साडेसत्तावीस आला. बाईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, “चूक असती तर कुठेतरी घसरली असती. ही दर वेळी त्याच पायरीवर येऊन थांबते.” बाहेर पडताना त्यांच्या नाकावर काजळी होती. ते मी सांगितलं नाही. सभागृहातही कुणी सांगायला धजलं नाही.

टिपण आता छापायला गेलं आहे. आभारांत पहिलं नाव रंगाऱ्याचं आहे, आणि त्याला आंधळा म्हटल्याबद्दलची माफी मी समक्ष मागितली आहे. माफी मागता येत नाही असं नाही, आत्या, माणूस बघून मागते. विभागप्रमुखांना मात्र ती अजून हवी आहे, रीतसर, लेखी. शिवाय समितीसाठी आणलेल्या नव्या खुर्च्या ठेवायला सोमवारपर्यंत माझी खोली रिकामी करून किल्ली जमा करावी असा हुकूम आहे. मी उत्तर दिलं आहे की समितीचा अहवाल येईपर्यंत यंत्र हलणार नाही, कारण ते हललं तर पुन्हा जुळवायला सहा महिने लागतात आणि मला पन्नाशीत तेवढा वेळ खुर्च्यांना द्यायचा नाही. नोकरी गेली तर जाईल. उजेड कसा झुकतो ते मी बघितलं आहे, ते आता न बघितल्यासारखं करता येत नाही.

तब्येत सांभाळ. मोठ्यांना नमस्कार सांगावा तर तुझ्याहून मोठं आता कुणी उरलं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे.

तुझी,
काजळमाखी भाची

ता. क. : सोबतच्या पुडक्यात लोकरीचा मोजा आहे. एकच आहे आणि तो पायात घालायचा नाही. त्यात खोलीची किल्ली आहे. म्हणजे सोमवारी मला खरं बोलता येईल की किल्ली माझ्यापाशी नाही. ती मागायला कुणी आलं तर नेहमीसारखं वाग. शेजाऱ्यांची शिडी तू अकरा वर्षं दिली नाहीस, हे आठवूनच या कामी दादाऐवजी तुला निवडलं आहे.

ता. क. २ : किल्लीविना मी काम कसं करणार अशी काळजी करू नकोस. दुसरी किल्ली रंगाऱ्याकडे आहे. खोलीला काळ्या रंगाचा हात द्यायचं काम अजून बाकी आहे असं त्याने कार्यालयात लेखी कळवलं आहे, आणि हा रंग वाळायला फार वेळ घेतो, असंही.