साडूभाऊंनी कातरलेले पंख

धरणाचा फुगवटा, ता. वडवणी
आखिती झाल्यानंतरचा मंगळवार

श्री. उत्तरेश्वरराव, साडूभाऊ, यांस सुंदररावचा काठावरून रामराम.

इकडे सर्व खुशाल आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं म्हणून लिहिलं. ते खरं धरू नये. तुमची तब्येत कशी आहे? मंगलबाईंचा गुडघा काय म्हणतो? परळीच्या वीजकेंद्राची राख यंदा गच्चीवर किती साचते? तुमची कबुतरं चांगली खाऊनपिऊन असतीलच, त्यांची काळजी करायला तुम्ही समर्थ आहात. तुमच्या बैठकीतला तो मोठा पत्र्याचा कूलर अजून चालतो का? (सहज विचारलं. मोटर तीच आहे ना, का बदलली?) थोरल्या साडूचा आशीर्वाद आहे असं समजा. खाली जे लिहिणार आहे, ते वाचून तो परत घ्यावासा वाटला तर मला दोष देऊ नका.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन मी केलता. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, कबुतरं वर गेलीत, नंतर बोलू. दुसऱ्या वेळी म्हणालात, आवाज येईना. माझा आवाज, साडूभाऊ, बाजार समितीच्या आवारात माइकशिवाय शेवटच्या गाडीपर्यंत जातो, आणि तो तुम्हाला येईना! मेसेज पाठवला तर उत्तरात दोन जोडलेले हात आले. त्या हातांचं मी काय करू? म्हणून हे पत्र. ते कापता येत नाही, आणि मंगलबाई ते मोठ्यानं वाचून दाखवतील अशी माझी खात्री आहे. (मंगलबाई, कृपया मोठ्यानं वाचा.)

विषय तुम्ही ओळखला असेलच. ठकू.

ही ठकू आमच्या घरात आली कशी, हे तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सोयीनं विसरता म्हणून पुन्हा सांगतो. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी माणसं कोयते घेऊन कारखान्यांवर जातात. गाव असं रिकामं झालं की महिन्याभरात वरून ही मंडळी उतरतात. पांढुरकं-राखाडी अंग, पिवळे पाय, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पुस्तकात त्याला पट्टकादंब म्हणतात. गावात हंस म्हणतात, आणि आमचे सरपंच बदक म्हणतात, यावरून सरपंचांची पात्रता कळावी. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. तिबेट, मंगोलिया, कुठलीकुठली थंड तळी सोडून, जिथं माणसाला दम लागतो त्या उंचीवरून उडत येतात आणि कुठं उतरतात? माझ्या गाळपेरीत! धरणाचं पाणी मागं सरलं की जी काळी मऊ जमीन उघडी पडते, तिच्यात मी हरभरा टाकतो, आणि एवढा हिमालय पार करून आलेला कळप तो हरभरा शेंड्यासकट खातो. दुपारी पाण्याच्या कडेला उभे राहून पिसं साफ करतात, जसं काही शेत त्यांच्या नावावर आहे.

आता रानडुकरांसाठी बांधाला जुन्या साड्या बांधायची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मी बांधल्या. त्यात एक हिरवी साडी आमच्या वत्सलाबाईंची निघाली. (मला वाटलं विटली आहे. त्यांच्या मते ती ठेवणीतली होती.) एका सकाळी कळप उठला आणि एक पक्षी नेमका त्या हिरव्या साडीत गुंतला. पंख मुरगळला. मी सोडवायला गेलो तर मलाच चावला. वत्सलाबाई आल्या, त्यांनी पक्ष्याच्या डोक्यावर पदर टाकला, तो गप्प झाला, आणि त्यांनी मला सुनावलं, “माझ्या साडीत आली, माझ्या पदरात पडली. आता ही माझी लेक हाय. बरी झाली की सासरी धाडू.” नर का मादी, हे दिसण्यावरून कुणालाच कळत नाही. पण आमच्या घरात तो प्रश्न त्या क्षणी मिटला.

वनरक्षक योगिताबाई आल्या. तडफदार मुलगी आहे. त्यांनी बजावलं की हा रानचा पक्षी आहे, पाळणं गुन्हा आहे, वरिष्ठांना विचारलंय, पंख बरा होईपर्यंत आमच्या देखरेखीखाली इथंच राहील, आणि मग सोडायचा. मी मान डोलावली. पाळायची हौस कुणाला होती? मला? ज्या प्राण्यानं मला माझ्याच अंगणातून चपला न घालता पळवलं, त्याला? ठकूचं वागणं मी तुम्हाला काय सांगू. वत्सलाबाईंच्या मागं मागं देवघरापर्यंत जाते. मला पाहिलं की मान जमिनीलगत लांब करते आणि फुसफुसत येते. माझा कुत्रा तिला पाहून बैलगाडीखाली बसतो. सोसायटीच्या चेअरमनकीसाठी माझं नाव चाललं होतं तेव्हा तालुक्याची पाच-सहा वजनदार माणसं चहाला आली. ठकूनं आधी हारातला झेंडू खाल्ला. मग तालुकाध्यक्षांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्याची नाडी ओढली आणि सोडेचना. अध्यक्ष दोन्ही हातांनी पायजमा धरून अंगणभर फिरले, आणि वत्सलाबाई म्हणाल्या, “तिला नवं माणूस लई आवडतंय.” चेअरमनकी भाच्याला गेली. त्यांच्या.

इथपर्यंत मी सगळं सोसलं. आता तुमच्यावर येतो.

संक्रांतीच्या वाणाला तुम्ही मंगलबाईंना घेऊन आलात. ठकूला पाहून कमरेवर हात ठेवलेत. तीस वर्षं कबुतरं उडवली म्हणून जगातले सगळे पक्षी आपल्याच ढाबळीतले, असा तुमचा समज आहे. तुम्ही फर्मान काढलंत, “पर कातरल्याबिगर पाखरू घराला लागत न्हाई. कैची आना. म्हयन्यात नवे पर येतेत.” वत्सलाबाई म्हणाल्या, कावून कातरता, तिला जायचंय. तुम्ही म्हणालात, अहो, अर्धवट बऱ्या पंखानं उडाली तर पडंल, तिच्या भल्यासाठीच. ती भोळी बाई. तिला ते पटलं. माझ्या मिशीची कात्री घेतलीत, चांगला पंख उघडलात, आणि कोपऱ्यातलं गवत छाटावं तसा सरळ छाटून टाकलात. वर तीळगूळ खाल्लात. तीन लाडू! मी पाहत होतो.

शिवरात्रीपर्यंत मुरगळलेला पंख बरा झाला. काठावरचा कळप जायच्या तयारीला लागला. एकदम सगळे वर उठायचे, फिरायचे, पुन्हा बसायचे. आणि या सगळ्यात एक पक्षी कळप सोडून आमच्या बांधापलीकडं उभा असायचा. ठकू अंगणातून ओरडली की तो तिकडून ओरडायचा. योगिताबाई म्हणाल्या, यांची जोडी आयुष्यभराची असते. मी म्हटलं, असेल, पण ओरडायला दुपारचीच वेळ का, माणूस पडलेला असतो.

शिमगा झाल्यावर वत्सलाबाईंनी पाठवणी ठरवली. लेक सासरी जाते म्हणजे ओटी भरायला हवी. आळीतल्या बायका आल्या. खण, नारळ, हळदकुंकू. पक्ष्याला पदर नसतो, म्हणून तीच हिरवी साडी काठावर अंथरली आणि तिच्यावर ठकूला उभं करून ओटीत गहू घातले. तिनं ते तिथंच खाल्ले. बायकांना ते फार शुभ वाटलं. मग वत्सलाबाईंनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, डोळे पुसले, आणि वर सोडलं. ठकू एका पंखानं उडाली, साडूभाऊ. दुसऱ्याला नुसता दांडाच होता. ती हवेत गिरकी घेऊन माझ्या अंगावर आली, आणि मी गाळात बसलो. बायका हसल्या. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ठकूला पुन्हा उचललं आणि पुन्हा सोडलं. पुन्हा. मग मीच म्हटलं, पुरे आता. माझा पांढरा सदरा तेव्हापासून काळा आहे, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी योगिताबाईंनी पंख उघडून पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. “हे कुनी केलं? सरळ कातरलंय हे! गुन्हा हाय हा.” मी तुमचं नाव घेतलं नाही. परळीत स्टेशनच्या मागं कबुतरांची ढाबळ कुणाची, असं कुणालाही विचारलं तरी सांगतील, एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या की कबुतराची पिसं वर्षभर एकेक गळतात आणि एकेक येतात, त्यामुळं कातरलेलं भरून निघतं. या पक्ष्याचं तसं नाही. याची उडायची पिसं वर्षातून एकदाच, सगळी एकदम गळतात, पावसाळ्यात. तोवर कातरलेले बुडखे तसेच राहणार. म्हणजे श्रावणापर्यंत उडणं नाही. आणि मधे काय आहे? आपला वैशाख! जो पक्षी यावेळी बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून उभा असायचा, त्यानं माझ्या अंगणातल्या पत्र्याखाली उन्हाळा काढायचा. मी विचारलं, निघंल का? त्या म्हणाल्या, सावली, वारा आणि गार पाणी मिळालं तर निघंल. नाही मिळालं तर सांगता येत नाही. वनखात्याच्या उपचार केंद्रात न्यायचं तर तिथं तळं नाही आणि प्रवासाचा धक्का वेगळाच, म्हणून वरिष्ठांच्या परवानगीनं इथंच ठेवायचं ठरलं. वत्सलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांनी तुम्हाला एका शब्दानंही बोल लावला नाही, म्हणाल्या, मीच कात्री दिली. कात्री माझी होती! तुम्ही घेतलीत! मला या बाईचा राग येतो तो इथंच.

पाडव्याच्या आधी कळप गेला. सकाळी सगळा काठ ओरडत वर चढला, रेघ झाली, आणि वडवणीच्या डोंगराकडं बारीक होत गेली. ठकू अंगणात मान वर करून पाहत होती. मी तिथून उठून गोठ्यात गेलो. मला गोठ्यात काम होतं.

तर आता माझं म्हणणं स्पष्ट ऐका. चूक तुमची आहे, हौस तुमची आहे, आणि चावा मात्र बसतो माझ्या पोटरीला. तुम्ही ढाबळीला कुलूप लावा, मंगलबाईंना विचारून चार कपडे पिशवीत भरा, परळीहून सकाळची गाडी धरा आणि श्रावणापर्यंत इथं येऊन राहा. पत्र्यावर दुपारभर पाणी मारायचं, टबातलं पाणी बदलायचं, लसूणघास बारीक कापायचा (कापायची तुम्हाला आवड आहेच), आणि ती चावली तर कौतुकानं हसायचं. आळीतला आसाराम आणि त्याची बायको कारखान्यावरून परत आलेत, पण त्यांना मी सांगणार नाही, कारण त्यांनी काही कातरलेलं नाही. तुम्ही आला नाहीत तर साडूपण संपलं. हा माझा शेवटचा शब्द आहे.

मंगलबाईंना व मुलांना आशीर्वाद. कबुतरांना काही नाही.

आपला संतप्त साडू,
सुंदरराव

ता. क. : वरचं वत्सलाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पाहुण्याला उन्हातान्हात बोलवायचं न्हाई, आणि त्यांना दम्याचा त्रास हाय. ठीक. तुम्ही नाही आलात तरी चालेल. तो पत्र्याचा कूलर तेवढा दिंद्रुडकडून येणाऱ्या कुठल्याही टेंपोत टाकून द्या. आमचा कूलर आहे, पण तो पाडव्यापासून ठकूच्या पत्र्याखाली लावलेला आहे. कुणी लावला हे विचारू नका. कुणीतरी लावला असेल. मी गच्चीवर ओलं फडकं अंगावर घेऊन झोपतो आणि माझं काही म्हणणं नाही. कूलर मला हवा आहे, एवढंच.

ता. क. दुसरी, बुधवार : पत्र टाकायचं राहिलं, बरं झालं. काल जे लिहायला संकोच वाटला, ते आता सांगतो. तो बांधापलीकडचा पक्षी कळपाबरोबर गेलाच नव्हता. महिनाभर एकटा पाण्याच्या कडेला होता. मला दिसत होता. मी घरात बोललो नाही, कारण एक दिवस तो दिसायचा बंद होईल आणि मग पुन्हा जेवणं बंद होतील. आज सकाळी तो उडत आला आणि अंगणात उतरला. पंख धडधाकट आहेत त्याचे, केव्हाही जाऊ शकतो, तरी आला. माझ्याकडं पाहून फुसफुसला, आणि पत्र्याखाली जाऊन ठकूच्या शेजारी बसला. तेव्हा कूलर मला नको. एका कूलरचा वारा दोघांना पुरत नाही, मी स्वतः खाली बसून पाहिलं. वत्सलाबाईंनी देवासमोर साखर ठेवली आणि आसारामच्या बायकोला सांगून आल्या की यंदा अधिक महिना हाय आणि नेमका जावई घरी आलाय. धोंडे करायचे ठरले आहेत. जावयाचा मान पहिला मावस-सासऱ्याकडून यायचा असतो, ही रीत तुम्हाला मी शिकवायची का? कूलर मोटरसकट पाठवा, आणि पुसून पाठवा.