पांढरीवरचं पाळणाघर

१२ मार्च १९७३

पोचले एकदाची! नेवाशाहून पुढे एसटी मिळालीच नाही. दुष्काळात वाटायच्या सुकडीच्या पोत्यांवर बसून ट्रकने आले आणि उतरले तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झाले होते. घरमालकीण गोजरबाई म्हणाल्या, बाई, पीठ मळायच्या आदीच अंगाला फासून आल्या व्हय! सगळे हसले, मीही हसले. खोली स्वच्छ आहे. मागच्या दारातून प्रवरा दिसते, म्हणजे तिची वाळू दिसते. पाणी कुठे कुठे डबक्यात. लांबवर पडक्या देवळांचे चौथरे.

उद्यापासून दुष्काळी कामावरच्या बायांची तान्ही मुलं सांभाळायची. माझी पहिली नोकरी. बाबांनी मला घरीच शिकवलं. त्यांचा नेम इथेही पाळायचा आहे : दिवसात जे चुकलं ते लिहायचं आणि ज्याचा अपराध केला त्याला वाचून दाखवायचं. आजचं : ट्रकवाल्याने विचारलं तेव्हा दमले नाही म्हणाले. दमले होते.

१४ मार्च

नव्या रस्त्याला माती हवी म्हणून गावाबाहेरची पांढर फोडताहेत. कोण जाणे कधी उठून गेलेल्या वस्तीचं हे टेकाड. लोक इथली माती धाब्याच्या घरांवर घालायला नेतात. टेकाडाच्या कडेला पाचटाचा मांडव, त्याच्या वाशांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. हे माझं पाळणाघर.

मालनबाईचा कानिफ सगळ्यांत रडका. मढीच्या नाथाला केलेल्या नवसाने झालेला. रडून थकला की शेवटी दोन उचक्या देतो आणि झोपतो. मालनबाई खडी फोडायला जाताना म्हणाली, येवढं येकच हाय बाई माजं, डोळ्याआड करू नका. मी शब्द दिला.

२० मार्च

मातीत आज चोपून केलेली जुनी जमीन लागली. तिच्यावर चुलीची राख, आणि चुलीला लागूनच खाली दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. मुकादम सूर्यभान यांनी टिकाव थांबवला, माती लोटली आणि बाजूने खणायला सांगितलं.

मला राहवलं नाही. भाकरीच्या सुट्टीत जाऊन मडकी उघडली. आत एका तान्ह्या मुलाची हाडं होती, चिमणीच्या हाडांसारखी. असं मडक्यात कोंबलेलं, प्रार्थनेशिवाय! रुमालात गुंडाळून नदीवर नेली, वाळूत खड्डा करून पुरली, प्रभूची प्रार्थना म्हटली. परतताना फार हलकं वाटलं. मडकी मांडवात आणून पाचटाखाली ठेवली.

संध्याकाळी गोजरबाईंनी विचारलं, त्या मडक्यातल्या पोराला कुनी हलवलं? माझ्या तोंडून निघून गेलं, सूर्यभाननी फेकलं. का म्हणाले मी असं? उद्या सांगते.

२३ मार्च

सांगितलं नाही. बाया सूर्यभान यांच्या हातचं पाणी घेत नाहीत. ते आपल्या लेकीची शपथ घेत होते, आणि मी झोळीची गाठ घट्ट करत होते.

गोजरबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं की त्यांचं पहिलं पोर घरातच, न्हाणीजवळ पुरलंय. मी विचारलं, घरात का? त्या म्हणाल्या, लांब कशाला टाकायचं? एकलं भिईल की त्ये.

 ती चूल डोळ्यांपुढे आली. तिथे रोज कोणी बसत असेल, स्वयंपाक करत असेल, खालच्याशी बोलतही असेल. मी त्याला घरातून बाहेर काढलं.

२६ मार्च

भर दुपार. वारा नाही. शेवटची रिकामी झोळी हलते आहे. सगळी मुलं गप्प होऊन तिकडे बघतात. कानिफसुद्धा.

झोळीखाली हात लावला. वजन आहे.

२९ मार्च

मालनबाई दुपारी पाजायला आली. डोळे मिटून बसली होती. हसून म्हणाली, ह्यो आज दोनी अंगानं पितोय जनू.

कानिफ एकाच अंगाला होता. दुसऱ्या अंगाला चोळी ओली, आणि तिच्यावर पांढरी माती.

कानिफ वाळत चालला आहे. मालनबाई विचारते, बाई, आसं कशानं हुतंय? मला माहीत आहे. माहीत आहे आणि मी म्हणते, ऊन फार आहे.

३१ मार्च

नदीवर गेले. हाडं परत आणायची, जागेवर ठेवायची, मग सगळ्यांना सांगायचं असं ठरवून गेले. खड्डा उघडा. वाळू आतून बाहेर लोटलेली. रुमाल तिथेच. पुढे वाळूवर इवले पंजे, रांगत गेलेले — पांढरीकडे.

चुलीची जागा खणून गेलेली, म्हणून मांडवातच खड्डा केला. मडकी ठेवली, तोंडाला तोंड लावून. तो येईल, शिरेल आत. म्हटलं, हेच तुझं घर. वरून माती चोपली. प्रार्थना आठवली नाही.

१ एप्रिल

झोळी हलत नाही! देवा, तुझे उपकार. कानिफही रडला नाही, सकाळपासून एकदाही नाही. मालनबाई खूश, म्हणाली पोटभर प्याला.

त्याच्या ओठांवर पांढरं काही होतं. पुसलं. पुन्हा आलं. माझ्याकडे बघतो. डोळ्यांत ओळख नाही —

दुपारी

रडणं. जमिनीखालून. मग दोन उचक्या.

खुरपं हातात आहे. मालनबाई नेमकी त्याच जागेवर मांडी घालून पाजते आहे. उठा म्हटलं. म्हणाली, हळू बोला बाई, आत्ता कुटं निजतंय माजं पोर. हात धरून ओढलं, तर हसते — पुढचं नुसतं सांगायला माझी जीभ वळत नाही. म्हणून लिहिते. लिहिते आणि वाचून दाखवते, बाबा, तुमच्या नेमाप्रमाणे —

मालनबाई, सूर्यभाननी नाही, मी नेलं. मी खोटं बोलले. मांडीवर आहे तो तुमचा —

पुन्हा रडला. बारीक. एक उचकी आली. दुसरी —