तिलवाऱ्याच्या पुलावरून गेलेलं भूत

आई, एका पिक्चरची गोष्ट मी तुला खोटी सांगितली होती. लढाईचं वर्ष होतं, कारखान्यात बारा-बारा तास काम चालून राहिलं होतं, तरी रविवारचा सकाळचा इंग्रजी खेळ आम्ही दोघं चुकवत नव्हतो. मी आणि माझ्या शेजारच्या लेथवरचा तो, अधारतालला खोली घेऊन एकटा राहणारा. खेळ सुटला की सायकली थेट आपल्या दारात. तू शेगडीवर वांगं भाजत असायचीस. म्हणायचीस, "हं, सांग बाप्पा, आज कोणाला मारलं?" मी गोष्ट सांगतोय, तो मधेच भुताचे आवाज काढतोय आणि तू हसता हसता पोळी करपवतेस. "माँजी, भरता बचा है?" असं त्यानं विचारलं की तुला कोण आनंद! पुढे पुढे तर कारखान्यात जाताना माझ्या डब्यासोबत त्याचाही डबा तू बांधायला लागलीस.

त्या पिक्चरमधलं भूत डोंगरावरच्या हवेलीत राहत होतं. देखणं, लग्न न केलेलं. गावातला एक दोस्त होता त्याचा. दोस्ताचं लग्न ठरलेलं, पण पाय आपले हवेलीकडेच वळायचे. सारं टॉकीज भीतीनं ओरडत होतं आणि मला रडू येत होतं. बाजूला पाहिलं तर त्याचेही डोळे ओले. परवा ताईचा मुलगा सांगत होता, की त्या जुन्या पिक्चरांतली भुतं म्हणजे पुरुषावर जीव लावणारे पुरुष. उघड दाखवायची सोय नव्हती, म्हणून त्यांना भूत केलं. त्याला वाटलं, मामाला काही नवीन सांगून राहिलो. अरे, आम्हाला ते अंधारात बसल्या बसल्या कळलं होतं! आम्ही एकमेकांशी मात्र ते कधी बोललो नाही.

त्या रविवारी गावकरी भुताला मारायला निघाले, इथवर मी सांगितलं आणि तू विचारलंस, "काहून मारतात रे त्याला? केलं काय त्यानं?" माझ्यानं खरं सांगवेना. म्हटलं, नाही मारलं, आपला नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरकडे निघून गेला. "चलो, सुटला बिचारा," म्हणालीस आणि आम्हाला वाढलंस.

मग एक दिवस कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "क्या जोड़ी है भैया, शादी कब है?" सगळे हसले, तोही हसला. मी मात्र डबा तसाच बंद करून उठलो. नोकरी, ताईचं लग्न, तुझं तोंड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या दिवशी मी फोरमनसमोर जाऊन उभा राहिलो. "साहब, इसको दूसरी शिफ्ट में डाल दो, काम में ध्यान नहीं देता." त्याला ते कळलंच. शिफ्ट बदलताना गेटवर सायकल धरून उभा होता. "मुझसे कह देते यार," एवढंच म्हणाला. पुन्हा आपल्या दारात आला नाही.

तुला मी सांगितलं, वरून ऑर्डर आली. तू दोन डबे बांधतच राहिलीस, शिफ्ट बदलताना गेटवर देत जा म्हणालीस. त्याचा डबा मी न उघडता गेटजवळच्या पंक्चरवाल्याला द्यायचो आणि संध्याकाळी रिकामा आणून सांगायचो, भरीत आवडलं म्हणाला. एका संध्याकाळी असंच बोललो, तर तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "अच्छा," म्हणालीस फक्त. सकाळी ओट्यावर एकच डबा होता. गेटवर पंक्चरवाला म्हणाला, "कल खीर बढ़िया थी, भैया."

तू कधी काही विचारलं नाहीस. माझ्या लग्नाचंही नाही, लोक काय काय बोलायचे तरी. शेवटच्या आजारपणात मात्र एका दुपारी माझा हात धरून म्हणालीस, "तो पूल ओलांडून गेला, मग कुठे गेला रे?" आता सांग, असंच तू म्हणत होतीस ना? मी म्हटलं, पिक्चर तिथेच संपला, आई. तू हात सोडलास.

हा कागद मी घडी करून त्याच्या डब्यात ठेवणार आहे, अजून आहे तो माझ्याकडे. तिथून कोणाला मिळायचा नाही. त्या पिक्चरचा खरा शेवट असा आहे, आई: गावकरी मशाली घेऊन हवेलीवर जातात आणि भुताला जाळतात. त्यांना वाट दाखवायला पुढे त्याचा दोस्तच असतो. टॉकीजबाहेर आल्यावर त्या दोस्ताला सगळ्यात जास्त शिव्या मी घातल्या होत्या.